चुंबकाला शिसं लागत नाही

१ जानेवारी १९८४, रविवार

गोंदियाच्या अडत्याने यंदा दोन डायऱ्या पाठवल्या. एक ह्यांनी घेतली आणि पहिल्याच पानावर बंदुकीचं चित्र काढलं. दुसरी मी उचलली. या घरात एखाद्या शहाण्या माणसानेही काही लिहून ठेवायला हवं.

उद्या कोणाच्या हाती लागलीच तर कळावं म्हणून सांगते. मी चंद्रकांता. हे म्हणजे माझे यजमान ताराचंद, तुमसरच्या आमच्या राइस मिलचे मालक. मशीन, बँक आणि बाजार ह्यांच्याकडे, निवडणी माझ्याकडे. उकडलेला धान सिमेंटच्या ओट्यावर वाळवणं, कांडून आलेला तांदूळ निवडणं, पोतं शिवायच्या आधी मूठभर दाताखाली घालून बघणं, हे सगळं मी पाहते. आमच्या तांदळात खडा सापडत नाही. नागपूरपर्यंतचे व्यापारी आमचा माल आधी उचलतात तो या एका गोष्टीसाठी, आणि ही गोष्ट माझी आहे. खरं म्हणजे माझी आणि धुरपताची. धुरपता निवडणाऱ्या बायांची मुकादमीण. मी लग्न होऊन आले तेव्हापासून तिचं सूप शेडमधल्या पहिल्या खिळ्याला टांगलेलं आहे. आमच्याकडे प्रत्येक बाई आपलं सूप घरून आणते. ज्या दिवशी ती ते खिळ्यावरून काढून नेते, त्या दिवशी तिचं काम सुटलं असं समजायचं.

आता ह्यांच्या वेडाबद्दल. शिकार बंद झाली, तरी मामंजींची दुनळी बंदूक ह्यांना स्वस्थ बसू देत नाही. मार्चमध्ये नागपूरला नेमबाजीची स्पर्धा आहे. हवेत मातीची चकती उडवायची आणि ती बंदुकीने फोडायची. पन्नाशी उलटलेल्या माणसाने! मी म्हटलं, मातीचंच फोडायचं असेल तर घरात माठ पुष्कळ आहेत.

८ जानेवारी, रविवार

आज मुहूर्त झाला. मिलच्या मागे तलाव, तलावाच्या पाळीवर हे उभे. भैय्यालाल मिस्त्रीने जीपच्या स्प्रिंगच्या जुन्या पाट्यापासून चकत्या फेकायचं यंत्र बनवलंय. त्याची दोरी ओढायला तोच. मिलचा पट्टा ढिला झालाय त्याकडे बघायला मात्र त्याला महिनाभर सवड नाही.

पहिल्यांदा तोंड तलावाकडे केलं, तर मासेमारी करणारे ढीवर लोक होड्यांतून ओरडत आले. तलावात त्यांचा शिंगाडा आहे. मग हे फिरले आणि तोंड आमच्या ओट्याकडे केलं. रविवारी ओटा रिकामा असतो, बायांना सुट्टी. हे म्हणाले, "इतक्या दूर छर्रा येईपर्यंत त्यात दम रायत नाही. ज्वारीच्या दाण्यासारखा पडते. अन् जागा आपली हाय."

पंचवीस चकत्या उडाल्या, एकही फुटली नाही. दोनतीनवर नेम बरोबर बसला, टण्ण असा आवाज आला, आणि चकती आपली डौलात खाली उतरली. भैय्यालाल तोंडात रुमाल कोंबून बसला होता.

१० जानेवारी

चकत्या कवडू कुंभाराच्या. त्याला बोलावलं. आला तो हसतच.

"कशा हायेत जी चकत्या? वाजवून पाहा. एक फुटली असन त सांगा."

"अरे, फुटायलाच पाहिजेत त्या!"

त्याचा चेहरा पडला. "फुटासाठी? मालक त म्हनले का पक्का माल दे. मी घरावरच्या कवेलूपेक्षा जास्त भाजल्या. बाई, फुटाचा माल कसा बनवू? गावात लोक म्हनतीन कवडूचं भांडं फुटते. बाप सांगून गेला, कच्चं भांडं घरातून बाहेर काढू नोको."

त्याला समजावता समजावता माझा चहा थंड झाला. शेवटी ठरलं की चकत्या अर्धकच्च्या भाजायच्या, पण त्या कवडूने केल्या हे कोणाला सांगायचं नाही. रात्री अंधारात आणून टाकतो म्हणाला, जशी काही चोरी आहे!

१४ जानेवारी, संक्रांत

भाचा आला होता, मुंबईच्या जहाज कंपनीत असतो. मामासाठी परदेशी मासिक घेऊन आला. त्यात लिहिलंय म्हणे की तिकडे आता काडतुसात शिशाचे छर्रे नकोत, पोलादाचे घाला अशी चळवळ चालू आहे. मी कारण विचारलं. तळ्याकाठी शिसं पडतं, बदकं ते दाणा समजून गिळतात आणि मरतात. पाखरांना अक्कल ती किती असणार!

ह्यांनी मात्र त्यातून भलताच अर्थ काढला. "म्हून चकती फुटत नाही! शिसं नरम असते. पोलाद पाहिजे, पोलाद." कवडूचं मी सांगून पाहिलं. ऐकतो कोण. दुपारीच सायकलच्या दुकानातून चाकातल्या पोलादी गोळ्या आणल्या. मामंजींच्या काळचं काडतूस भरायचं यंत्र कपाटातून बाहेर निघालं. तिळगुळाच्या वाटीशेजारी गोळ्यांची वाटी. शेजारच्या शकुनबाई हळदीकुंकवाला आल्या आणि त्यांनी कोणत्या वाटीत हात घातला ते मी लिहीत नाही. दात शाबूत आहेत.

२२ जानेवारी, रविवार

पोलादाची काडतुसं आणि कवडूच्या अर्धकच्च्या चकत्या दोन्ही आज एकाच दिवशी आल्या. चकत्या फटाफट फुटल्या. फुटणारच, त्यातली एक तर मी हातात घेतली तशी तुटली. पण हे पाळीवरून उतरले ते छाती फुगवून. "पाहिलं? पोलाद!"

मी कपाळाला हात लावला. कौतुक पोलादाचं, आणि ज्याने बापाची शिकवण मोडली तो कवडू घरी तोंड लपवून बसलाय.

२३ जानेवारी, सोमवार

सकाळी भैय्यालाल ओंजळ घेऊन दारात. मशीनच्या तोंडाशी मोठं लोहचुंबक आहे, धानातला खिळा-तार ते धरून ठेवतं. आज त्याला मुंग्यांसारख्या सायकलच्या गोळ्या चिकटल्या होत्या. भल्या पहाटे उकडलेला धान गरम गरम ओट्यावर पसरतात, ओटा कोण बघतो? कालच्या गोळ्या धानाखाली गेल्या आणि फावड्याने धानाबरोबर गोळा होऊन आल्या.

"चुंबक नसतं त मशीन खलास होतं बाई," भैय्यालाल म्हणाला.

मी ती ओंजळ तशीच नेऊन ह्यांच्या ताटात ओतली.

२५ जानेवारी

आता दुसरं. नागपूरच्या बंदूक दुरुस्तीवाल्याकडे हे गेले होते. त्याने नळीत बघितलं आणि ह्यांना चार माणसांत झाडलं. नळ्या जुन्या, पातळ, शिशासाठी केलेल्या. पोलादाने आतून चरे पडले. आणखी दहा-वीस बार केले असते तर नळी फुगली असती, किंवा हात गेला असता. ह्यांचं तोंड एवढंसं झालं होतं. मामंजींची वस्तू. मलाही वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू.

रात्री जेवताना हे म्हणाले, "मंग काय करू? शिसं नेम धरत नाही, पोलाद नळी खाते."

मी म्हटलं, "शिसं. आणि या विषयावर आता एक शब्द नको. बंदूक वाचेल, मशीन वाचेल, माझं डोकं वाचेल."

म्हणजे निर्णय माझा. या घरात निर्णय घेतल्याशिवाय जेवणसुद्धा उरकत नाही.

३० जानेवारी, सोमवार

काल शिशाचे बार झाले. चकत्या तशाच फुटल्या. (कवडू!) आज मुद्दाम जाऊन चुंबक पाहिलं. कोरं! एक गोळी नाही. भैय्यालालला म्हटलं, बघ, बाईमाणसाचं ऐकलं की कामं कशी सरळ होतात.

६ फेब्रुवारी, सोमवार

चुंबक पुन्हा कोरं. ह्यांचा नेमही सुधारतोय. घरात आठवडाभर शांतता. रोज असं असतं तर मी लिहायला कंटाळले असते.

धुरपता दुपारी सूप घेऊन आली. सुपात चारदोन काळपट खडे. म्हणाली, "बाई, हे कायचे खडे होत, समजून नाही राहिलं. धानाच्या वावरातले नाही वाटत. दाताखाली दाबलं का चपटे होते." मी म्हटलं, दाताखाली कशाला दाबतेस, फेकून दे. यंदा मोहाडीकडचा धान घेतलाय, तिकडच्या खळ्यात काय काय येतं देव जाणे.

१३ फेब्रुवारी

ह्यांच्या बहिणीचा, रत्नाबाईंचा, गोंदियाहून फोन आला. त्यांच्या मुलाच्या साक्षगंधाला तांदूळ आमचा गेला होता. मी स्वतः निवडून पाठवला होता.

"वहिनी, तू म्हनत होती ना, आमच्या तांदळात खडा दाखवा अन् बक्षीस घ्या? पाहुन्याच्या ताटात निघाला. एक नाही, तीन. काळे, चपटे. आता बक्षीस कोनाले देतं, मले का व्याह्याले?"

आणि हसल्या. माझ्या कानात ते हसू अजून आहे. एवढी वर्षं मी नणंदेच्या समोर मान वर करून चालले ती या तांदळाच्या जोरावर. मला रडू आलं, रागाने.

१५ फेब्रुवारी

नागपूरच्या व्यापाऱ्याचाही निरोप आला. तेच. काळे, चपटे.

शेडमध्ये गेले. सगळ्या बायांची सुपं तपासली. धुरपताच्या निवडून झालेल्या ढिगात मला दोन सापडले. ती बघतच राहिली.

"मी तीनदा पाहिलं जी बाई."

"मग हे काय आहे?"

"तांदळाएवढेच हायेत. तांदळात लपून रायतेत." तिने तो खडा नखाने उकरला. "नख लागते याले. खडा नोहे हा."

माझा तोल गेला. म्हटलं, खड्याला नावं ठेवू नको, डोळ्यांना ठेव. तुझे डोळे गेलेत धुरपता. भंडाऱ्याला डोळ्यांचं शिबिर आहे, तपासून घे, तोवर येऊ नको.

ती म्हणाली, "माया डोळ्याले काही नाही झालं जी." हळूच म्हणाली. सगळ्या बाया ऐकत होत्या. मग उठली, खिळ्यापाशी गेली, सूप काढलं, पदराने पुसलं आणि गेली.

मी काय करायला हवं होतं? गाव आमच्या तांदळाला नावं ठेवेल तेव्हा तिची दया खाऊन चालेल का?

१९ फेब्रुवारी, रविवार

धुरपताच्या जागी मी बसतेय. माझे डोळे चांगले आहेत, सुईत दोरा पहिल्या दमात ओवते. तरी पाटीभर तांदळात दहा-बारा निघतात, आणि बाया म्हणतात, सोमवार-मंगळवारी जास्त. असं का ते देवच जाणे. आठवड्याची सुट्टी झाली की बाया आळसावतात, दुसरं काय. ह्यांना सांगायला गेले तर हे पाळीवर. आज पंचवीसपैकी एकोणीस फोडल्या. मी खड्यांचं सांगतेय आणि हे एकोणीस, एकोणीस करतायत.

२४ फेब्रुवारी

नागपूरच्या व्यापाऱ्याने पुढचा माल थांबवला. हे नागपूरचं तिकीट काढून आले, तांदळाचं बोलायला असेल म्हटलं, तर स्पर्धेचं नाव नोंदवायला. मी बोलले नाही. बोलायला लागले असते तर थांबले नसते.

बाजारात कवडू भेटला. म्हणाला, धुरपता भंडाऱ्याला जाऊन आली, चष्मा लागला. मला जरा बरं वाटलं. बघा, डोळेच होते.

पण मग खडे अजून कसे येतात?

४ मार्च, रविवार

 आजचं आजच लिहून ठेवते.

गायमुखच्या यात्रेला गेलेल्या बाया अजून परतल्या नाहीत, उद्या पहाटे ओटा झाडायला कोणी नसणार, म्हणून आज संध्याकाळीच मी झाडायला गेले. ओटा कधी नव्हे तो मी रविवारी पाहत होते. ऊन उतरलेलं, तलावाच्या पाळीवर ह्यांची टोपी दिसत होती. बार झाला. आणि क्षणभराने माझ्या भोवती टप टप टप.

मला वाटलं गारा. वर पाहिलं, आभाळ निरभ्र. मग एक माझ्या पदरावर पडला. एक पायाशी, सिमेंटच्या फटीत जाऊन बसला. मी वाकले. फटी भरलेल्या होत्या. काळपट बारीक गोल दाणे, ओळीने, पेरल्यासारखे.

एक उचलला. दाताखाली धरला. चपटा झाला. नखाने उकरला. नख लागलं.

पाळीवरून हे ओरडत होते, "अवं बाजूले हो! तिथं काय करून राहिली?"

घरी आले आणि ह्या डायरीच्या मागच्या पानावर तो दाणा घासून पाहिला. पेन्सिलीसारखी रेघ उठली. चुंबकाला शिसं लागत नाही. मशीनमध्ये जाऊन ते चपटं होतं, तांदळाएवढं होतं, तांदळाच्या चाळणीतून तांदूळ म्हणून निघतं. सायकलच्या गोळ्या चुंबकाने एका दिवसात दाखवून दिल्या होत्या. आणि शिसं मी आणवलं. "या विषयावर एक शब्द नको" म्हणून.

पाखरं दाणा समजून गिळतात, त्यांना अक्कल किती, असं संक्रांतीला मी लिहिलं आहे. साक्षगंधाच्या पंगतीत किती जणांनी गिळलं असेल? मी रोज मूठभर दाताखाली घालून बघते, त्यात माझ्या पोटात किती गेलं? मला त्याची भीती वाटते. पण त्याहून जास्त, धुरपता सूप पुसत होती तेच दिसतंय.

५ मार्च

ह्यांना ओट्यावर नेऊन फटी दाखवल्या. हे उकिडवे बसले, बोटाने एक फट उकरून पाहिली. मग म्हणाले, "मंग आता काय, परत पोलाद?"

मी इतकी संतापले की मला हसू आलं. म्हटलं, शिसं नको, पोलाद नको, काहीच नको. नाव नोंदवलंय ते जाऊन खोडा. हे गुमसुम घरात गेले आणि बंदूक तेल लावून पेटीत ठेवली. पेटीला कुलूप लावून किल्ली माझ्या हातात दिली, मी न मागता. वाईट माणूस नाही माझा. फक्त एका गोष्टीचं वेड लागलं की दुसरी दिसत नाही. आणि मला तरी कुठे दिसली.

गोदामातली सगळी पोती परत उघडायची. व्यापाऱ्यांना आणि रत्नाबाईंना मी स्वतः सांगणार, उरलेला तांदूळ कोणी खाऊ नका, माल परत घेतो. नणंद आयुष्यभर हसेल. हसू दे.

६ मार्च

धुरपताकडे गेले. अंगणात बसून लाखोळीची डाळ निवडत होती, डोळ्यांवर काळ्या काड्यांचा जाडसर चष्मा. मला पाहून उठली, खाट टाकली.

मी तिच्या हातावर शिशाचा दाणा ठेवला आणि सगळं सांगितलं. मध्ये थांबले नाही, थांबले असते तर पुढे बोलवलं नसतं. शेवटी म्हटलं, "तुझे डोळे चांगले होते. चूक माझी होती. चारचौघींत बोलले, चारचौघींत सांगीन."

तिने चष्मा काढला. डोळे चोळले.

"याच्यानं त धूसर दिसते बाई. शिबिरात लय गर्दी होती. तिथलं पोरगं न तपासताच म्हने, घे हा, लाव." चष्म्याच्या काड्या मिटत म्हणाली, "मी लावला. तुमी म्हनलं का डोळे गेले, त मले वाटलं गेलेच असतीन. पंधरा-वीस दिवस धूसर पाहून राहिलो, अन् म्हनतो, हेच बरोबर असन."

 तिने चष्मा माझ्याकडे धरला. "हा आता कोनाले देऊ?"

"माझ्याकडे दे," मी म्हटलं. घेऊन आले. लावून पाहिला. खरंच, काही दिसत नाही त्यातून.

निघताना विचारलं, "उद्या येशील?" तिने डाळीतून मान वर केली नाही. "पाहतो जी."

९ मार्च

सगळ्या बायांसमोर सांगितलं.  कवडूला गाडगी आणायला सांगितलं, ओट्याच्या फटीतलं शिसं चिमट्याने काढून त्यांत भरायचं आहे. तो विचारतो, चकत्या आता बंद ना जी? म्हटलं बंद. इतका खूश झालेला माणूस मी यंदा पाहिला नाही.

१२ मार्च, सोमवार

धुरपता आली. पहिल्या खिळ्याखाली, आपल्या जागेवर बसली. मी तांदूळ तिच्यासमोर ओतला.

घरचं सूप आणलं नव्हतं. कोपऱ्यातलं मिलचं सूप उचललं, झटकलं आणि निवडायला लागली. दुपारपर्यंत एक शब्द बोलली नाही, एक खडा सोडला नाही.

 खिळा रिकामाच आहे.